विहिरीत सूर्य उतरायची वाट

बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढच्या मे महिन्यात, पाणी हातभर अंतरावर राहिलेलं असताना, मी एका विहिरीचं खोदकाम चार दिवस बंद ठेवलं. कारण सूर्य डोक्यावर यायचा होता.

वाक्य पुन्हा वाचायची गरज नाही, बरोबरच वाचलंत. पाणी हातभरच राहिलंय हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, एवढीच काय ती माझी बाजू. पण पाणी कुठं आहे हे ठाऊक असण्यासाठीच सरकार मला पगार देत होतं, त्यामुळे ही बाजूही फारशी उपयोगाची नाही.

मी पाणी शोधणाऱ्या सरकारी खात्यात होतो. भूगर्भशास्त्र शिकून पुण्याहून नगर जिल्ह्यात आलो, तेव्हा वय सव्वीस. शेवगावात एक खोली, एक सायकल आणि आठवड्यातून दोनदा, तीही ढकलावी लागणारी जीप. लोक आम्हाला ‘पान्याचे सायेब’ म्हणत. त्या वर्षी हे नाव मिरवणं म्हणजे उपाशी पंगतीत वाढप्याचं उपरणं घालून रिकाम्या हातानं फिरणं.

माझा धंदा थोडक्यात सांगतो. आपल्या देशावरचा खडक म्हणजे भाकऱ्यांची चळत समजा. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीतून तापलेला रस बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा दुसरा. प्रत्येक भाकरीची खालची बाजू घट्ट काळी, आणि वरचा पापुद्रा फुगलेला, फुग्याफुग्यांचा. विहीर खोदणारे या फुगीर थराला मांजऱ्या म्हणतात. या थराच्या पोटातल्या आडव्या सांध्यात पाणी असतं, असलंच तर. तो सांधा किती खोल असेल याचा अंदाज बांधायचा, हे माझं काम. माझी स्पर्धा पाणाड्याशी. तो तळहातावर नारळ उभा धरून शेतात फिरे, आणि नारळ आडवा झाला की तिथं पाणी. मी मोजपट्टी, नकाशे आणि हातोडी घेऊन फिरे. पाणाड्या चुकला तर लोक नशिबाला दोष देत. मी चुकलो तर मलाच.

ज्या विहिरीची ही गोष्ट आहे, तिची जागा मी दोन दिवस उन्हात तापून, सगळं शास्त्र पणाला लावून काढली. खुंटी ठोकायला गेलो तर तिथं आधीच शेंदूर लावलेला दगड. पाणाड्या आठवड्यापूर्वी येऊन तीच जागा सांगून गेला होता.

“म्हंजी तुमालाबी येतंय की,” शेतमालक भानुदास मला शाबासकीच्या सुरात म्हणाला.

भानुदास हा चाळिशीचा शेतकरी, कमी बोलणारा. त्याची आई कोंडाबाई साठीच्या पुढची, त्याच्या वाटचंही बोलणारी. वस्तीवर सात घरं, आणि सातही घरांचं पाणी दोन कोसांवरून यायचं. विहीर सरकारी योजनेतली, साऱ्या वस्तीसाठी; जमीन भानुदासनं दिलेली. त्याची खिलारी बैलजोडी चारा छावणीत होती. पहिल्याच दिवशी त्यानं मला सांगून ठेवलं होतं. “छावनीत बैल नुसतं जगत्यात, सायेब. मे म्हयन्याच्या बैलबाजारापातूर पानी लागलं तर दावनीला आनतो. न्हाईतर देऊन टाकतो.” त्या वर्षी बाजारात बैल घेणारा कोण असे, हे तो बोलला नाही आणि मी विचारलं नाही. शेतकरी तर कुणी घेत नव्हता.

खोदकाम यल्लप्पाच्या टोळीकडे होतं. यल्लप्पा वडार, पन्नाशीचा, दगडावर हातोडी टेकवून कान लावला की आत काय आहे ते सांगणारा. मी पदवीधर असल्यानं मला यंत्रं लागत.

इथं माझा दुसरा आजार सांगायला हवा. नोकरी जमिनीखालची असली तरी माझा जीव आकाशात. शाळेत असल्यापासून मला ताऱ्यांचं वेड. शेवगावच्या खोलीत कपडे ठेवायला ट्रंक नव्हती, पण पुठ्ठ्याच्या नळीत भिंग बसवून केलेली दुर्बीण होती. त्या विहिरीवर तीस फुटांपाशी एकदा भाकरी खाताना मी टोळीला ज्ञान दिलं, की खोल विहिरीच्या तळातून वर बघितलं तर भरदिवसा तारे दिसतात. कुठंतरी वाचलं होतं.

यल्लप्पानं कांदा फोडला, मीठ लावलं आणि मग बोलला. “आजा ह्याच धंद्यात. बाप ह्याच धंद्यात. मी चाळीस वर्सं हिरीत हाय. खालून वर बघितलं की आमी येकच बघतो, वरचा मानूस दगूड सोडतोय का न्हाई.”

सगळे हसले. मीही हसलो, पण माझ्या मनात यल्लप्पानं नीट निरखून बघितलं नसणार असंच होतं.

बेचाळीस फुटांवर काळा खडक संपला आणि मांजऱ्या लागला. मी खूश. सांधा आता जवळ असणार. त्या दुपारी सुरुंग उडवला, धूर निवला, यल्लप्पा यारीच्या पाटीत बसून खाली उतरला. यारी म्हणजे विहिरीच्या काठावरचं दगड वर ओढायचं लाकडी यंत्र. माणसंही त्यातूनच वरखाली करत. मग खालून यल्लप्पाची हाक आली.

“सायेब, तुमच्या चांदन्या गावल्या. पर वर न्हाईत, खाली हायेत.”

मी उतरलो. तळाच्या पश्चिम कोपऱ्यात, भिंतीला लागून, सुपाएवढं भोक पडलं होतं. खाली पोकळी. भाकरीतल्या एका फुग्यानं कोठीएवढा आकार घेतला होता, आत एक माणूस उकिडवा बसेल इतका. मी पालथा पडून सरकारी टॉर्च आत धरला. सेल मरायला टेकलेले. हळदीच्या पाण्यासारखा उजेड. तरी त्या उजेडात आतून काहीतरी उलट चमकलं.

असले दगड मी पाहिले नव्हते असं नाही. फुग्यांमधून वर्षानुवर्षं पाणी झिरपतं, त्यातली खनिजं कडेला धरतात, त्यांचे स्फटिक होतात. आम्ही रोज असे मोहरीएवढे, बोराएवढे फुगे पाहायचो आणि खडी म्हणून ढिगावर टाकायचो. पण ही पूर्ण कोठी होती, आणि बाहेरची हवासुद्धा तिला पहिल्यांदा लागत होती. टॉर्चच्या त्या मरतुकड्या उजेडात हिरवट काहीतरी, गुलाबी काहीतरी, आणि मध्येच पांढऱ्या सुयांचे झुबके. रंग नीट लागत नव्हता. कंदील सोडला तर काच काळी पडायची. मला हे सगळं सूर्याच्या प्रकाशात बघायचं होतं, आणि मित्राकडून मागून आणलेल्या कॅमेऱ्यात पकडायचं होतं.

तेव्हा माझ्यातला आकाशवाला जागा झाला. नगरच्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनच दिवस भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. एकदा मे महिन्याच्या मध्यावर, एकदा जुलैत; जुलैतला ढगात जातो. त्या दिवशी उभ्या माणसाची सावली त्याच्या पायाखाली नाहीशी होते, आणि ऊन विहिरीत ओळंब्यासारखं सरळ उतरतं. मी वहीत गणित मांडलं. मेमधला तो दिवस चार दिवसांवर होता. उभ्या भोकातून सरळ सूर्य आत जाणार! निसर्गानं कोट्यवधी वर्षं ही कोठी बंद ठेवली, आणि उघडली ती नेमकी चार दिवस आधी. त्यात मला काही संकेत वाटला. माणसाला आपल्या सोयीचा संकेत लवकर दिसतो.

सुरुंगाचा माल माझ्या चिठ्ठीशिवाय निघत नसे. मी चिठ्ठी दिली नाही.

भानुदासला खरं सांगायची हिंमत झाली नाही. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, “खाली पोकळी आहे. धोक्याचं काम. चार दिवस निरीक्षण करावं लागेल.”

त्यानं विहिरीत डोकावून पाहिलं. “पाचव्या दिशी बाजार हाय,” एवढंच म्हणाला.

“एक दिवस राहतो की मध्ये,” मी म्हणालो. गणितात मी पक्का होतो.

ते चार दिवस मी रोज विहिरीवर जाऊन निरीक्षण केल्यासारखं करी. भिंतीला हातोडी लावी, वहीत काही लिही. वस्तीवरच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन दोन कोस जाताना आणि येताना माझ्याकडे बघत. कोंडाबाई एकदा थांबली. “काय दिसतंय का निरीक्षनात?” मी म्हणालो, “अजून सांगता येत नाही, आजी.” ती म्हणाली, “मला येतं सांगता. तुमच्या मनात कायतरी निराळंच हाय.” आणि गेली. यल्लप्पाची टोळी सावलीला बसून छिन्न्यांना धार लावी. चौथ्या दिवशी छिन्न्या इतक्या धारदार झाल्या होत्या की त्यांनी दाढी करता आली असती.

बिनसावलीच्या दिवशी अख्खी वस्ती विहिरीच्या काठावर. यारी लागणार म्हणून मी यल्लप्पाला बेत सांगितला होता; त्यानं बातमी फोडली होती, की सायेब आज हिरीत सूर्व्या उतरवनार हायेत. बारा वाजले तरी काठावर उभ्या केलेल्या काठीची सावली बोटभर उरलेलीच. लोक माझ्याकडे बघायला लागले. आपलं घड्याळ पूर्वेकडच्या कुठल्या तरी ठिकाणाच्या वेळेवर चालतं, आपल्याकडे खरी दुपार पंचवीस मिनिटांनी होते, हे मी समजावून सांगितलं. “घड्याळबी आपलं न्हाई व्हय,” कुणीतरी म्हणालं.

बारा पंचविसाला मी तळाशी होतो. ऊन खाली आलं होतं, भिंती कोरड्या आगीसारख्या तापल्या होत्या, आणि माझी सावली खरंच माझ्या पायाखाली गडप झाली होती. गणित मिनिटाला बरोबर! मी कॅमेरा घेऊन भोकावर वाकलो.

आत काळोख.

मी जरा सरकलो, पुन्हा वाकलो. काळोख. खटका दाबला. दुसऱ्या बाजूनं वाकलो, खटका दाबला. यल्लप्पाला बोलावलं, तो वाकला. “काळं दिसतंय,” म्हणाला. मी पुन्हा वाकलो. सूर्य डोक्यावर, भोक पायाखाली, मग ऊन जातंय कुठं? पाच मिनिटं गेली, सात मिनिटं गेली. कॅमेऱ्यातल्या बारा फोटोंपैकी अकरा मी त्या भोकावर खर्च केले.

वरून कोंडाबाईचा आवाज आला, अगदी शांत.

“सायेब, उन्हाच्या वाटंत तुमचं डोस्कं हाय.”

सूर्य अगदी डोक्यावर असतो तेव्हा भोकात बघायला वाकणाऱ्याचं डोकं सूर्य आणि भोक यांच्या बरोबर मधे येतं. यासाठी अक्षांश लागत नाही, कोष्टक लागत नाही. मी हात टेकून तसाच बसून राहिलो. वर हसू फुटलं, ते बेचाळीस फूट खाली येईपर्यंत आणखी मोठं झालं.

मग यारी करकरली. पाटीत कोंडाबाई. पदर खोचलेला, हातात लाकडी चौकटीचा आरसा, कुंकू लावायला भिंतीला टांगलेला असतो तसा. कोपऱ्यात डाग पडलेला. पाटीतून उतरून ती दगडांच्या ढिगावर चढली, आरसा जवळजवळ उभा धरला, आणि मनगट किंचित वळवलं. उजेडाचा चौकोनी कवडसा भिंतीवरून धावला, माझ्या बुटावर चढला, उतरला, आणि तिरका होऊन भोकात शिरला.

विहिरीत घागर पडली की आमच्याकडे बाया असंच करतात. काठावर उभं राहून आरशानं ऊन खाली टाकायचं, घागर कुठं बसली ते बघायचं, मग गळ सोडायचा. सात वर्षांच्या मुलीलाही ठाऊक असतं. मला चार वर्षांच्या पदवीत कुणी सांगितलं नव्हतं.

“आता बघा. बाजूनी बघा,” ती म्हणाली.

मी बाजूनं बघितलं. कोठीच्या भिंतींवर पाण्यासारखे नितळ, कडेला हिरवी झाक असलेले चौकोनी टोकदार खडे दाटीनं उभे होते, बोटाएवढे, काही मुठीएवढे. त्यांच्या मधून पिकल्या पेरूच्या गरासारख्या रंगाच्या लहान लहान पेंढ्या, अगदी बांधून ठेवलेल्या. छतावरून पांढऱ्या सुयांचे झुबके, फुंकर घातली तर हलतील असे. कवडसा थोडा सरकला की एक कोपरा विझायचा आणि दुसरा पेटायचा. शहरात राहून आकाशगंगा विसरलेल्या माणसाला ती अचानक उघड्या माळावर दिसावी, तसं काहीतरी मला झालं. फरक एवढाच, की ही हाताला लागणारी होती.

यल्लप्पानं पाहिलं. पाटीतून उतरून भानुदासनं पाहिलं. मग मी आरसा धरला आणि कोंडाबाईनं पाहिलं.

“येवढं समदं खाली,” ती म्हणाली, “आन् वर कुसळ उगवंना.” मग माझ्याकडे वळली. “हे बघायला थांबला हुता?”

“होय.”

“मग तसं सांगायचं. आरसा घरातच हुता.”

मी आयुष्यात बरीच बोलणी खाल्ली. वरिष्ठांची लेखी बोलणी माझ्या फाईलमध्ये असतील. पण त्या वाक्याइतकं मला काही लागलं नाही. तिनं पहिल्या दिवशी पाच मिनिटांत दाखवलं असतं. मी विचारलं नाही, कारण विचारायला गेलो असतो तर खरं सांगावं लागलं असतं.

उद्या बाजार होता. बैल छावणीतून आणून दावणीला बांधलेच होते, पण न्यायला म्हणून. मी चिठ्ठी लिहिली. सुरुंगाची भोकं पाडायची ती त्याच कोठीच्या भोवती. सांधा तिच्या खाली होता. विहीर कोठीला वळसा घालून जाऊ शकत नव्हती.

यल्लप्पा छिन्नी घेऊन उभा राहिला, तेव्हा कोंडाबाई म्हणाली, “जरा थांब. आधी ह्यांचं काढून देऊ.”

“आई, येळ कुठाय?” भानुदास म्हणाला.

“चार दिस त्यांनी आपलं खाल्लं, दोन तास आपन त्येंना देऊ. दिस मावळायला अजून येळ हाय.”

वस्तीवरच्या बाया उतरल्या. यल्लप्पा कोठीत उकिडवा बसला आणि छिन्नीच्या टोकानं, दाढी करण्याइतक्या धारेच्या छिन्नीनं, एकेक तुकडा सोडवायला लागला. तो तुकडा पहिल्या बाईच्या हातात, तिच्याकडून दुसरीच्या, जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळून पाटीत. एरवी हंडे वाहणारे हात अंडी उचलावीत तसे चालत होते. दोन तासांत एक पोतं भरलं. उरलेलं, म्हणजे बहुतेक सगळंच, आत राहिलं. बारावा फोटो मी तेव्हा काढला. धुऊन आला तेव्हा त्या काळ्यापांढऱ्या फोटोत ती कोठी कोळशाच्या वखारीसारखी दिसत होती. आधीच्या अकरांत नुसती माझ्या डोक्याची सावली पडलीय, वेगवेगळ्या कोनांतून.

दिवस मावळताना सुरुंग उडाला. त्याचा आवाज मी तोपर्यंत शेकडो वेळा ऐकला होता. त्या वेळी मी पाठ फिरवून उभा राहिलो. विहिरीत धूर कोंडला होता. तो निवेपर्यंत कुणी उतरत नाही, म्हणजे आता सकाळशिवाय काही कळणार नव्हतं.

त्या पोत्यातले सगळ्यांत चांगले तुकडे पुण्याच्या एका संग्रहात गेले, काचेच्या कपाटात. खाली ‘अपोफिलाइट, नगर जिल्हा’ अशी चिठ्ठी आहे. कुणाच्या हातांनी ते काढले, ते चिठ्ठीत नाही. एक तुकडा माझ्या टेबलावर आहे, हे लिहितानाही. सकाळी खिडकीतून ऊन आलं की तो हिरवा होतो. पुढं नोकरीत मी कितीतरी विहिरींच्या जागा दिल्या, काही लागल्या, काही कोरड्या गेल्या. पण त्यानंतर गावातल्या माणसाला न विचारता मी कधी गणित मांडलं नाही. असं म्हणायला बरं वाटतं, दोनतीनदा मांडलंच.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी सायकल हाणत वस्तीवर पोचलो. भानुदासनं बैलांना बाहेर काढलं होतं. शिंगं धुतलेली नव्हती, धुवायला पाणी नव्हतं. कासरा त्याच्या हातात. विहिरीत अजून अंधार, वरून काही दिसत नव्हतं, धुराचा वास येत होता. यल्लप्पा म्हणाला, “येक तास द्या, उतरून बघतो.” भानुदास म्हणाला, “तासाभरानं निघालो तर बाजार उठंल.” त्याचा एक पाय वाटेला लागलेला.

“थांब रे,” कोंडाबाई आतून आली. हातात तोच आरसा.

सूर्य माळावर वीतभर वर आला होता. ती काठावर उभी राहिली, आरसा उन्हात धरला आणि कवडसा विहिरीत सोडला. तो समोरच्या भिंतीवरून खाली खाली उतरत गेला, काळा खडक ओलांडून, मांजऱ्याच्या फुटलेल्या कडांवरून. तिथं काही चुकलेले खडे लुकलुकले. मग तो तळाला पोचला. दगडावर उजेड पडला की निमूट पडून राहतो. हा पडून राहिला नाही. थरथरला, फुटला, पुन्हा जुळला, आणि त्याचं हलतं जाळं उलट समोरच्या भिंतीवर नाचायला लागलं.

कुणी ओरडलं नाही. भानुदासनं कासरा सैल सोडला, एवढंच. बैलांनी मान खाली घातली आणि कोरडी जमीन हुंगायला लागले.

गुडघाभर असेल का? की जास्त? मला राहवेना. मी काठावर पालथा पडलो आणि नीट दिसावं म्हणून मान पुढं काढली. खाली तळाशी एकदम अंधार झाला.

“सायेब, व्हा बाजूला,” कोंडाबाई म्हणाली. “चार दिस पानी अडवलं, आता ऊन तरी अडवू नका.”